वनभिक्खूले वाघ द्यावा का

पुणे
४ ऑगस्ट २०२४

विन्या,

नाही, चुकलो. वंदामि भंते. आई म्हणते की आता त्याला नावानं हाक मारायची नाही, श्रामणेर शीलबोधी म्हणायचं, आणि बोलताना 'तुम्ही' म्हणायचं. ज्याला मी आसगावच्या तलावात पोहायला शिकवलं, ज्यानं माझ्या खांद्यावर बसून माझेच केस उपटले, त्याला 'तुम्ही' म्हणायला मला वेळ लागेल. तोवर चालवून घे.

तुमच्या विहारात श्रामणेरांना फोन नाही, म्हणून पत्र. शाळा सुटल्यापासून मी हातानं एवढं लिहिलं नव्हतं.

कामाचं सांगतो. आठवडाभर कंपनीची नोकरी करतो आणि रविवारी आम्ही चार मित्र मिळून एक खेळ बनवून राहिलो. टेबलाभोवती बसून खेळायचा, पण पट नाही आणि सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार होतो, तो गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कोणी लढवय्या, कोणी वैदू, कोणी भिक्खू. सूत्रधार विचारतो, आता तू काय करतोस? खेळणारा तोंडानं सांगतो, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. भिक्खूच्या आम्ही शाखा पाडल्या आहेत. त्यातली एक माझ्याकडे आली. तिचं नाव वनभिक्खू. हा रानात राहतो, ध्यान करतो, आणि ध्यान पक्कं होत गेलं की जनावराचं रूप घेतो. पहिल्या पायरीला मुंगूस, मग सारस, मग रोही, मग अस्वल. शेवटची पायरी मी रिकामी ठेवली आहे. पोरं म्हणतात तिथे वाघ टाक. मी म्हटलं, पाहू.

ही पोरं पुण्यातली. रान त्यांनी टीव्हीवर पाहिलंय आणि भिक्खू फोटोत. माझा मात्र सख्खा मामेभाऊ भिक्खू व्हायला निघालाय आणि त्याचं गाव जंगलाला लागून आहे. तुझ्याशिवाय हे तपासणार कोण? तर पत्रातून खेळ. मी सूत्रधार, तू वनभिक्खू. तू एका गावाबाहेर उभा आहेस. तलावाची पाळ फुटायला आली आहे आणि गावाला खबर नाही. कोणतं रूप घेतोस?

तेजराम मामांचा धानाचा रोवणा झाला. आई मोहाडीहून जाऊन काही दिवस राहून आली. शकूमामी गेल्यापासून तुझे बाबा घरात एकटेच असतात हे तुला ठाऊक आहे, तरी लिहितो.

तुझा,
प्रफुल्लदादा


पवनीजवळचा विहार
१ सप्टेंबर २०२४

प्रफुल्लदादा,

मंगल हो. पहिले रागावून घेतो, मग बाकीचं.

छप्पन साली आपले आजोबा आसगाववरून बैलबंडीनं नागपूरले गेले, दीक्षा घेतली, घरातले देव उचलून ठेवले. अवतार मानणार नाही म्हणून शपथ घेतली. अन् त्याइचा नातू पुण्यात बसून भिक्खूले मुंगूस करून राहिला. आजोबा असते त तुझे फासे बोडीच्या पाण्यात फेकले असते अन् तुलेच काढाले लावले असते. दुसरं असं, का भिक्खूले चमत्कार दाखवायची मनाई आहे. जमत असला तरी लोकाइले दाखवायचा नाही. हे तुझ्या नियमात लिहून घे.

भंतेजीले मी तुझा खेळ सांगितला. ते हासले. मग त्याइनं एक जुनी गोष्ट सांगितली. एका नागाले आपल्या जन्माचा कंटाळा आला. तो माणसाचं रूप घेऊन आला अन् संघात भिक्खू झाला. सगळं बरोबर करत होता. एक दिवस झोप लागली अन् झोपेत त्याचं खरं रूप बाहेर आलं. खोलीभर नाग. बाकीचे भिक्खू भेले. मग त्याले समजावून परत पाठवलं. तेव्हापासून उपसंपदेच्या वेळी, म्हणजे श्रामणेराचा पक्का भिक्खू करताना, त्याले सगळ्याइच्या समोर विचारतात, तू माणूस आहेस का? त्याले 'हो' म्हणावं लागते. म्हणजे तुझा वनभिक्खू आमच्या इथी पहिल्याच प्रश्नाले फसला.

माझी उपसंपदा डिसेंबरात ठरली आहे. आणखी एक प्रश्न विचारतात. आईबापाची परवानगी आहे का? आई नाही. बाबाची परवानगी पाहिजे, अन् ती नाही.

उन्हाळ्यात मी भंतेजीसंग आसगावले भिक्षेले आलो होतो. सगळ्या घरून पात्रात भात पडला. चिंधूकाकाच्या घरून त पडलाच, अन् ते काय बौद्ध नाहीत. आपल्या दारात बाबा उभे होते, हातात पितळेची गंजी होती. माझ्याकडं पाहिलं, आत गेले अन् दार लावून घेतलं. मी जितका वेळ उभं राहायचं असते तितका उभा राहिलो अन् पुढं गेलो. तेव्हापासून दोनदा निरोप पाठवला. जबाब नाही.

दादा, बाबा तुझं ऐकतात. तू परवानगी घेऊन दे. मी आजवर तुले काही मागितलं नाही.

आता खेळ. तलावाची पाळ राहू दे, गावातले लोक बांधून घेतील. मले ती रिकामी पायरी दे. वाघ. उन्हाळ्याची सकाळ, मोहाचं झाड, खाली कोणीतरी मोहफूल येचून राहिलं. मले तिथी वाघ करून उभं कर.

शीलबोधी
(तुझा विनोद)


पुणे
१९ सप्टेंबर २०२४

विनोद,

तुझं पत्र वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच झाडाखाली, मोहफुलं वेचताना, वाघानं शकूमामीला मारलं. मी पुण्याहून पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. मामांना कोणी झाडापाशी जाऊ देत नव्हतं आणि तू अंगणात नुसता बसून होतास. आणि आता तू मला म्हणतोस, तिथे मला वाघ करून उभं कर. कशाला? कोणाचा सूड घ्यायचा आहे? मी हे करणार नाही. सूत्रधार मी आहे. शेवटची पायरी खोडून टाकली आहे. वनभिक्खूला अस्वलापर्यंतच जाता येईल.

लपवलं होतं ते सांगून टाकतो. रोवण्याच्या दिवसांत मामांचा फोन आला होता. म्हणाले, प्रफुल्ल, त्याले घरी आण. एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी हो म्हटलं होतं. खेळ खराच आहे, पण पत्र लिहायला बसलो ते त्यासाठी. वाटलं, दोन-चार पत्रं झाली की तुझं मन वळेल.

परवानगी मी मागणार नाही. मामीचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि महिनाभरात तू विहारात गेलास. मला ध्यानधारणेतलं काही कळत नाही, पण रूप बदलून पळून जाणं मला कळतं, मी रविवारी तेच लिहीत असतो. ज्याची बायको अशी गेली त्याच्यापाशी जाऊन 'पोरगाही देऊन टाका' असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? तू विचार. घरी जा, समोर बस, विचार.

तुला बोललो याचं वाईट वाटून राहिलं, पण फाडत नाही. पाठवतो.

प्रफुल्ल


पवनीजवळचा विहार
२० ऑक्टोबर २०२४

प्रफुल्लदादा,

मंगल हो. परवा पावसाळ्याचा वर्षावास संपला. तुझं पत्र त्याच्या आधीच भेटलं होतं, पण लिहायले हात झाला नाही. तू बोलला ते बरं केलं. इथी माझ्याशी कोणी असं बोलत नाही, सगळे पाया पडतात.

मी पळून आलो हे खरं आहे. आईले जाळून आलो तेव्हा पोटात इतका राग होता का मले कोणाशी बोलवत नव्हतं. गावातले लोक म्हणत, तो वाघ नोहे, राक्षस आहे, त्याले विष घालू. मी ऐकत बसत होतो अन् मले बरं वाटत होतं. ते बरं वाटणं पाहून मी भेलो. म्हणून इथी आलो. चीवर घातलं तरी राग तसाच होता. डिसेंबरात मले विचारतील, तू माणूस आहेस का, अन् मी 'हो' म्हणीन, अन् आत खोलीभर नाग. म्हणून मी तुले तो डाव मागितला होता. सूड कोणावर घेऊ दादा? मले फक्त पाहायचं होतं का त्या सकाळी त्याले काय दिसलं.

तू नाही म्हणाला त मी एकटाच खेळलो. फासे नोहते. सकाळच्या ध्यानात बसलो अन् स्वतःले त्या झुडपात उभं केलं. चार पायावर. लय दिवस काही जमलं नाही, मले आईच दिसत होती, तिची हिरवी साडी, तिचा पदर खोचलेला. पण ते माझे डोळे होते. वाघाले साडी काय समजते? मग एक दिवस नजर खाली आणली, वाघाच्या उंचीवर, अन् समोर पाहिलं. दादा, तिथी बाई नोहती. मोहफूल येचणारं माणूस कमरेतून वाकलेलं राहते, दोन्ही हात जमिनीले. डोकं दिसत नाही, तोंड दिसत नाही. आडवी पाठ अन् चार पाय. त्याले हरण दिसलं असन, डुक्कर दिसलं असन. आई उभी असती त तोच वाघ माणूस पाहून बाजूनं निघून गेला असता. आमच्या लोकाइले तो रोज तसाच दिसत होता अन् निघून जात होता.

त्या दिवशी मी खूप रडलो. भंतेजी आले अन् बाजूले बसले. राग गेला असं मी म्हणत नाही, पण तो त्या वाघावर ठेवता येत नाही आता. तो जनावर होता अन् आई माणूस होती, बस, इतकंच झालं होतं.

तुझ्या खेळात वाघ ठेव. नियम बदल. ज्या जनावराचं रूप घ्यायचं, त्याले समोर काय दिसते ते खेळणाऱ्यानं पहिले सांगावं. ते बरोबर सांगता आलं तरच रूप. फासा फेकायची गरज नाही.

हे पत्र बाबाले वाचून दाखव. सगळं वाच, काही गाळू नको. परवानगी माग असं म्हणत नाही. ते नाही म्हणाले त मी चीवर भंतेजीच्या हाती देतो अन् घरी येतो, धानाच्या चुरण्याले हात लावतो. खोटं बोलून उपसंपदा घेणार नाही.

शीलबोधी


मोहाडी
१० नोव्हेंबर २०२४

भंते,

या वेळी ठरवून लिहिलं. वंदामि.

दिवाळीच्या सुट्टीत आलो होतो. परवा आईला घेऊन आसगावला गेलो. धान अर्धा कापून झालाय. मामा दुपारी बांधीतून आले, हातपाय धुतले, आणि मी म्हटलं, विनोदचं पत्र आहे, वाचू का? ते भिंतीला टेकून बसले. म्हणजे वाच. मी सगळं वाचलं. राक्षस आणि विष वाचलं, हिरवी साडी वाचली. 'आडवी पाठ अन् चार पाय' इथे मी अडलो, मग आईनं पत्र घेतलं आणि पुढचं तिनं वाचलं.

वाचून झाल्यावर मामा उठले आणि बाहेर निघाले. आईनं मला खुणावलं, जा. मी मागे मागे गेलो. बांध्या ओलांडून ते थेट वर मोहाच्या झाडाकडे चालले. दीड वर्षात ते तिकडे गेले नव्हते, आई सांगत होती. झाडाखाली पोचल्यावर मला म्हणाले, त्या झुडपात जाऊन बस. खाली बस, उभा राहू नको.

मी बसलो. मामा झाडाच्या बुडाशी गेले आणि कमरेतून वाकले. या दिवसांत मोहाला कुठलं फूल, पण ते हात जमिनीवर फिरवत राहिले, फुलं वेचतात तसे. अंगात ती मातकट बंडी होती. मग तसेच वाकलेले असताना त्यांनी विचारलं, प्रफुल्ल, कोण दिसून राहिलं?

मी म्हटलं, मामा, तुम्हीच.

म्हणाले, खोटं नको बोलू.

मी पुन्हा पाहिलं. विनोद, मला तुझ्यासारखं ध्यान येत नाही, पण मी घाबरलो. गवताच्या वर मातकट पाठ तेवढी होती आणि ती हळूहळू सरकत होती. मी म्हटलं, मामा, जनावर दिसता.

ते तिथेच खाली बसले. मामी गेल्या तेव्हाही ज्या माणसाच्या डोळ्यात कोणी पाणी पाहिलं नाही, तो माणूस गवत मुठीत धरून रडत होता आणि मला जवळ जायची हिंमत झाली नाही. मग उठले, बंडी झटकली, घरी आले. संध्याकाळी भात खाल्ला. तुझ्या उपसंपदेचं आईनं दोनदा काढलं. त्यांनी ताटावरची नजर वर केली नाही.

निघताना मीच शेवटी विचारलं. तुला नाही म्हटलं होतं, तरी विचारलं. मामा, त्याला काय सांगू? म्हणाले, काई सांगू नको.

मी उद्या पुण्याला जातो. तुला खोटी आशा देत नाही. मला ते 'नाही'च वाटलं. तयारी ठेव. घरी आलास तर ते तुला दारातून परत पाठवणार नाहीत, एवढं नक्की.

नियम मी बदलला आहे, तू सांगितलास तसाच. पुण्यातल्या पोरांना अजून मुंगूसही जमलेलं नाही.

प्रफुल्ल


आसगाव
२४ नोव्हेंबर २०२४

विनोदले बाबाचा जय भीम.

मी बोलून राहिलो अन् तुही मोहाडीची आत्या मालन लिवून राहिली. तिनं आपल्या मनचं काई टाकलं असन त ते माहं नोहे.

धान कापून झाला. चुरणा पुढच्या हप्त्यात लागन. माही तब्येत बरी आहे. हे पहिले सांगून ठेवतो, नाई त तू तेच इचारशीन.

प्रफुल्ल्या मले नाई म्हनणारा समजून गेला. पोरगा शिकला पन त्याले दम नाई. मले त्या दिशी बोलताच आलं नाई, त काय सांगू त्याले? झाडाखाली वाकलो तवा मले वाटलं होतं का वाघाले शिव्या देईन. शकू गेली तवापासून देऊनच राहिलो होतो. पन वाकलो अन् समजलं का तिले मान वर कराले बी वेळ नाई भेटला असन. अन् त्या जनावराले मालूमच नाई का हे कोनाची माय आहे, कोनाची बायको आहे. मंग मी शिव्या कोनाले देऊ? शिव्या सरल्या त रडू आलं.

घरी आलो अन् मले तो दिस आठवला, तू भिक्षेले आला होता तो. लोक म्हनतात तेजरामनं रागानं दार लावलं. राग नोहता बापा. भात रांधून मी सकाळपासूनच दारात उभा होतो, तू येनार हे मले चिंधूनं सांगतलं होतं. रस्त्यानं दोघं आले. डोक्सं साफ, पायात काई नाई, मान खाली, अंगावर ते चीवर. मी पाहत राहिलो अन् मले त्यात माहा पोरगा दिसलाच नाई. कपडा दिसला. मले वाटलं, बायको वाघानं नेली अन् पोरगा या कपड्यानं नेला. म्हून आत गेलो. तो भात मी खाल्लो नाई, बैलाले घातलो.

तू त तोच होता. चालताना उजवा पाय जरासा बाहेर टाकते, लहानपनी पडला होता तवापासून, त्या दिशी बी तसाच टाकत होता. हे मले आता दिसते. तवा मी नीट पाह्यलोच नाई. वाघानं शकूसंग केलं तेच मी तुह्यासंग केलो. त्याले त अक्कल नोहती, मले होती.

त परवानगी आहे. लिवलेली चालत नसन त मी डिसेंबरात येऊन सगळ्याइच्या समोर तोंडानं सांगतो. कायले दिली म्हून कोनी इचारलं त सांगीन, पोरगा माहा आहे, कोनत्याबी कपड्यात माहाच आहे. चुरण्याची फिकर करू नको, मानसं भेटतात. शकू राहिली असती त ती बी आली असती. तिले गर्दीत पुढं बसाले आवडे.

मालन म्हनते, उपसंपदा झाली का बापाले बी पोराच्या पाया पडा लागते, तीनदा, डोक्सं जमिनीले टेकवून. मी म्हनलो, पडीन, त्यात काय. फकत एक सांगून ठेवतो. मी खाली वाकलो म्हंजे माहं तोंड तुले दिसनार नाई, नुसती पाठ दिसन. तवा तू नीट पाहून घेजो. तो तुहा बाप राहीन.

तेजराम